लाडवांच्या जागी भाऊ

दक्षिण सुदानातल्या आपल्या शांतिसैनिकांसाठी मंडळात दिवाळीचा फराळ गोळा होत होता. चिवड्याचा डबा घेऊन शुभांगी रांगेत उभी होती. तिच्या पुढे वत्सलाबाई, काट्यापाशी कार्यकर्ता जीवन.

"मावशी, वजन जास्त भरतंय. थोडे लाडू काढतो."

"काढ बाबा. माझा किशोर बी तिथंच हाय. अन् हे काय घालतोस आत?"

"आपल्या नगरसेवक भाऊंचा फोटो, फ्रेमसकट. प्रत्येक डब्यात जातोय."

"त्याला वजन नाय व्हय?"

"अहो, फराळ भाऊंच्या वतीनं जातोय!"

"रवा भाजायला भाऊ आलता का माझ्या घरी? काढ तो. लाडू भर परत."

"भाऊ रागावतील."

"मग त्यांनाच धाड सुदानला. फोटो कशाला?"

"पुढचा डबा!" जीवन ओरडला.

शुभांगीने झाकण दोन्ही हातांनी घट्ट धरलं.