पाळकसाहेब एक वाक्य बोलून थांबले

मंडळी, पेटी जरा थांबवा. एक प्रश्न विचारतो, खरं उत्तर द्या — देवळात बसलाय! प्रेम सांगायला सोपं कुठं? सात समुद्रापलीकडं, की आपल्याच उंबऱ्यावर? ...गप्प झाले बघा! आत्ता भजनाला कसा कंठ फुटला होता!

ऐका तर. आपल्याच नगर भागातले एक पाळकसाहेब, दानीएल वाघचौरे. तरुणपणी मिशनतर्फे सुवार्ता सांगायला आफ्रिकेत गेले, ते केस पांढरे करूनच परतले. तिकडं कामाची रीत कशी? साहेब एक वाक्य बोलणार — थांबणार! उजव्या हाताला दुभाषी ओतिएनो. तो लोकांच्या भाषेत सांगणार. मग साहेबांचं दुसरं वाक्य. सगळी हयात अशी गेली! सवय सुटते होय?

गावात उतरले, हॉटेलात शिरले. "एक चहा द्या," म्हणाले — आणि थांबले! उजवीकडं बघतात. हॉटेलवालाही उजवीकडं बघतो. तिथं कोण? बाकाखाली झोपलेलं कुत्रं! कुत्र्यानं एक डोळा उघडला, परत मिटला. ओतिएनो राहिला तिकडं, आता पुढं सांगणार कोण? हसू नका हो, बिचारे तसेच उठले.

पण खरी गाठ पुढंच होती. घरी थोरली बहीण, तबिताबाई. आई अंथरुणाला खिळली, तिचं सगळं या बाईनं एकटीनं केलं. आई गेली, तरी भाऊ आला नाही. तिकडं सभा होत्या ना! आता साहेब ट्रंक घेऊन दारात उभे, तर आतून आवाज — "देवळात काय बोलायचं ते बोल. माझा उंबरा चढायचा नाही!" झालं! जगाला स्वर्गातलं घर दाखवणारा माणूस देवळामागच्या खोलीत, सतरंज्यांच्या ढिगावर झोपला.

रविवार आला. देऊळ गच्च. साहेब प्रवचनाला उभे राहिले. "बंधुभगिनींनो, परदेशात मला तुमची फार आठवण आली." — थांबले! आली का पंचाईत? मराठीचं मराठीत कोण सांगणार? तेवढ्यात बायकांच्या बाजूनं तबिताबाई उठल्या. पदर खोचला.

"तो म्हणतोय, आठवण आली, पण यायला सवड झाली नाही."

अहो, साहेबांनी मान डोलावली! दुभाषी बोलला की मान हलवायची, हीच सवय! पुढचं वाक्य — "देवाच्या कामात मी स्वतःला विसरलो."

"तो म्हणतोय, स्वतःला नाही, आम्हाला विसरला."

"तिथल्या आयाबायांनी मला पोटच्या लेकासारखं सांभाळलं."

"तो म्हणतोय, इथली आई शेवटपर्यंत दाराकडं तोंड करून निजत होती."

या वेळी मान हलली नाही, मंडळी. साहेबांनी चष्मा काढला. प्रवचनाचा कागद मिटला. "अक्का, मला तेव्हा यायला हवं होतं. येता आलं असतं. मी आलो नाही. चुकलो मी."

आणि थांबले.

सगळ्यांच्या माना बाईंकडं! बाई खोचलेला पदर सोडवतात. देवळाच्या कमिटीचे चिटणीस भारी शिस्तीचे, ते हळूच म्हणतात, "बाई, भाषांतर राहिलं!"

बाई कडाडल्या, "कशाचं भाषांतर? मराठीत बोलला की तो!" अन् डोळे पुसत भावाला म्हणतात, "ट्रंक उचल. घरी चल. आधी जेव." प्रवचन राहिलं अर्धं, अन् भाऊबहीण चालले रस्त्यानं!

हसलात, डोळे पुसलेत, छान! आता तुमचं बोलू. तुम्ही तर आफ्रिकेला गेलाही नाहीत. तरी घरात, "तुझ्या बापाला सांग, ताट वाढलंय!" "तुझ्या आईला सांग, मला भूक नाही!" दोघं एकाच खोलीत, अन् लेकरू बिचारं मध्ये! ही कुठली सुवार्ता?

नाव घेत नाही. पण इथून मला दोन सख्खे भाऊ दिसतात. एक या भिंतीला टेकलाय, एक त्या भिंतीला. आशीर्वाद मी नंतर देईन. मी आता गप्प बसतो — तुमच्यातला आधी कोण उठतो?