पाऊस चालू, नदी कोरडी

धारूरच्या बसस्टँडवर माझ्या शेजारी दोघी विहिणी गाडीची वाट बघत होत्या. मुक्ताबाईंचं गाव घाटाखाली, नदीकाठी. दुसरी त्यांच्या सुनेची, वनमालाची आई, सुभद्राबाई.

"पाणी येनार, ते तुमाला कळलं कसं पर, विहीनबाई?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"पाऊस लई चालू होता, आन् नदी एकाएकी आटली. पोरं मासे धरायला पात्रात उतरली. मी म्हनलं, एवढं पाणी गेलं कुठं?"

"मग?"

"आमचा हनुमान टेकाडावर चढून बघून आला. घाटातली दरड नदीत उतरली हुती. मागं तळं साचलेलं. मातीचा बांध, किती टिकनार? पोरान्ला वर काढलं, काठावरची समदी घरं रिकामी केली, शाळेत नेलं. वनमालाला सातवा महिना, तिला पयलं बैलगाडीत बसवलं."

"वनमाला म्हनली, नुसतं पाणी आलतं."

"तुमी घाबराल म्हून मीच सांगू नको म्हनलं."

"लई आलतं का?"

"दोन तासांनी बांध फुटला. गोठा गेला. मानूस एकबी गेलं न्हाई. परवा जिल्ह्याचे साहेब आलते. अजून दरड कुठं सुटंल, ते माझ्याकडून इचारून नकाशावर घेतलं. आता नवी घरं वरच्या माळावर."

"मी तिला माहेरी न्यायला निघालते."

"न्या की. पयलं बाळंतपन माहेरचंच."

"न्हाई. तुमच्यापाशीच होऊ द्या. मीच येऊन ऱ्हाते."