शुक्रवारचा टोप

मुंबईची बोट मालवणला लागायची ना, तेव्हाची गोष्ट. आमच्या वाडीतली विहीर गाळाने भरलेली. पास्कूकाका इगर्जीतले, म्हणजे कॅथलिक, आणि दानियल मास्तर मिशनच्या चर्चचे, म्हणजे प्रोटेस्टंट. दोघेही ख्रिस्तीच, पण एकमेकांच्या देवळाची पायरी कधी चढले नव्हते. त्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासांत दोन्हीकडच्यांनी मिळून गाळ काढायचं ठरवलं. मीही घमेली उचलायला गेलो.

पहिल्याच दुपारी मास्तर सगळ्यांसाठी कोंबड्याच्या सागोतीचा टोप घेऊन आले. झाकण उघडलं आणि इगर्जीवाल्यांनी हात मागे घेतले. मी हिंदू, माझ्या तोंडाला पाणी सुटलेलं.

"मास्तरांनू, आज शुक्रवार," पास्कूकाका म्हणाले. "उपवासाच्या दिवसांत शुक्रवारी आमका मास चलना नाय."

मास्तरांचा चेहरा उतरला. "माझ्या ध्यानातच नाय इला रे. परत नेतंय." त्यांची माणसंही फावडी उचलून घरी निघाली. मला वाटलं, संपलं सगळं.

काकांनी झाकण घट्ट लावलं. "परत खंय नेतास? सागोती शिळी जास्त बरी लागता. फाल्या शनिवार, हयच खावया. पण खणूक इल्याशिवाय कोणाक मिळाची नाय!"

मास्तर हसले, खाली बसले आणि आमच्याबरोबर पेज-लोणचं जेवले.

शनिवारी बाजाराला जायचं सोडून एकूणएक माणूस हजर. दुपारपर्यंत झरा मोकळा झाला, आणि मग टोपही.

ईस्टरला फादरनी कौतुकाने विचारलं, "पास्कू, आम्हाला इतक्या वर्षांत जमलं नाही. या दोन चर्चच्या माणसांना एकत्र आणलं कोणी?"

काका म्हणाले, "कोंबड्यान, फादर."