'कोइन्साइड'चं वाक्य

वासंती : …मी 'सेम टाइम' म्हटलं, तर टीचर म्हणाल्या, तेही बरोबर, पण होमवर्कला हाच शब्द हवा. कोइन्साइड.

ओजस : सोपा आहे गं आई. दोन गोष्टी एकाच वेळी येणं, न ठरवता. 'माय बर्थडे कोइन्साइड्स विथ ईस्टर.' असं.

वासंती : माझं वाक्य ऐक. 'माय हजबंड्स फ्युनरल कोइन्साइडेड विथ माय सन्स सिटिझनशिप सेरेमनी.' बरोबर आहे?

ओजस : (लॅपटॉप मिटत) तुला कोणी सांगितलं?

वासंती : तुझ्या बायकोनेच, अंजूने, फेसबुकवर फोटो टाकला होता. तुझ्या हातात त्यांनी सेरेमनीत दिलेलं रोपटं, मागे ऑस्ट्रेलियाचा झेंडा. खाली तारीख.

ओजस : म्हणजे दोन वर्षं माहीत होतं तुला?

वासंती : तू फोनवर म्हणालास, फ्लाइट नाहीये. मी सगळ्यांना तेच सांगितलं. नाहीतर थांबले असते रे सगळे. शेवटी तुझ्या काकांच्या श्रीनाथने अग्नी दिला.

ओजस : फ्लाइट होती, आई. त्याच रात्री, सिडनीहून. सेरेमनीची तारीखही बदलून मिळाली असती, एक ईमेल करायचा होता फक्त.

वासंती : मग केला का नाहीस?

ओजस : बाबांना तसं बघायची हिंमत नव्हती. सेरेमनीचं निमित्त मिळालं.

वासंती : म्हणजे माझं वाक्य चुकलं. हे न ठरवता नाही झालं.

ओजस : हो. चुकलं.

वासंती : टीचरना देणार नव्हतेच. तू सातला ट्रामने जातोस, अंजू तिच्या शिफ्टला. मी दिवसभर हीटरपाशी. वाक्य करायला बसले आणि हेच आलं मनात. दुसरं काही येईचना.

ओजस : रागावली आहेस?

वासंती : आहे. पण रागवायलासुद्धा समोर माणूस लागतं.

ओजस : आज रविवार आहे. मी कुठे जात नाहीये.

वासंती : तेराव्याला आलास, तेव्हाही काही विचारलं नाहीस.

ओजस : धीर झाला नाही.

वासंती : आता विचार.

ओजस : …बाबा गेले तेव्हा तू कुठे होतीस?

वासंती : स्वयंपाकघरात. चहा गाळत होते. बस इथे, सगळं सांगते.