तोंडावरची पावडर

दवाखान्यात माझ्या शेजारची बाई आपल्या आजारी लेकीला सारखी टोचत होती.

"ताठ बस. एवढी नटवून आणली, ती मान टाकून बसायला?"

"आई, ही पावडर पुसू दे. मागच्या डॉक्टरांनी तोंड बघूनच ठणठणीत म्हटलं."

"मग सांगायचं ना, वर्ष झालं थकवा जात नाही म्हणून!"

"सांगताना शब्दच सापडत नाहीत. डोकंही दमतं गं. मग रडू येतं."

"आत रडू नकोस. वेडी ठरवतील."

"या डॉक्टरांनीही तसंच घरी पाठवलं, तर मला नाही सोसायचं."

"हळू बोल, लोक ऐकतायत."

ऐकत मीच होते. माझा रुमाल पोरीच्या हातात दिला.

"पूस गं तोंड. आणि बाई, लेक डॉक्टरला दाखवायला आणलीस ना? मग झाकतेस कशाला?"