ब्रॉनच्या घशात अडकलेला लॅमिंग्टन

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती प्राध्यापक ब्रॉनविन हॅडो, आणि होबार्टच्या या गारठ्यात बाहेरच्या बार्बेक्यूच्या वासाने कासावीस झालेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मी मेरिन पेनगली, मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. ब्रॉन निवृत्त होताना मला बोलायला मिळतंय, हा मी माझा बहुमान समजते.

पहिल्या वर्षी आपण काय शिकलो? कुणावरही विश्वास ठेवायचा नाही. गुणांसाठी सीनियर मुलांच्या प्रयोगांत बसायचं. ते सांगणार स्मरणशक्ती तपासतोय, तपासणार भलतंच, आणि खरं काय ते अगदी शेवटी सांगणार. दोन महिन्यांत आपली डोकी फिरली. आमच्या टेगनला तिच्या मित्राने सोडलं, तर ही बया खरं काय ते सांगायला तो कधी येतो, याची वाट बघत बसली. अजून आलेला नाही.

अशात ब्रॉननी विषय घेतला: संकटात गर्दी मदतीला का धावत नाही. सवयीप्रमाणे हातात लॅमिंग्टन, खोबऱ्यात घोळलेला तो चॉकलेट केक. बोलता बोलता तो घशात अडकला. ब्रॉन टेबल बडवतायत, तोंड जांभळं पडलंय. आणि आपण? सगळ्यांनी पेनं काढली. शेजारचा हेमिश म्हणाला, "काम बरं करतायत, पण जरा जास्तच होतंय."

"गप रे, लिहू दे," मी म्हटलं.

तेवढ्यात डूगल आला. नेहमीसारखा उशिरा, आज विषय कुठला याचा पत्ता नाही. त्याने बॅग टाकली, धावत पायऱ्या उतरला, आणि ब्रॉनना वाकवून पाठीत असे धपाटे घातले की तुकडा थेट पहिल्या रांगेत. हॉलभर टाळ्या पडल्या.

"टाळ्या कसल्या वाजवताय, गाढवांनो? मरत होते मी," ब्रॉन कशाबशा म्हणाल्या.

मागून एकाने हात वर केला. "हे परीक्षेला आहे का?"

ब्रॉन पायरीवरच बसल्या. "बाळा, एवढ्यांतून तूच का आलास?"

डूगल गोंधळला. "तुम्हाला श्वास घेता येत नव्हता ना."

ब्रॉन रडायला लागल्या. हा प्रयोग नव्हता, हे मला तेव्हा कळलं, आणि मी पेन खाली ठेवलं.

असो. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर सांभाळून घ्या. संयोजकांचे आणि बाहेर धूर खाणाऱ्या मंडळींचे आभार. आणि डूगल, तुझे सगळ्यात जास्त. तुझ्यामुळे आज ब्रॉनचा निरोप समारंभ आहे. आमच्यावर सोडलं असतं, तर शोकसभा तेव्हाच आटोपली असती.