पुढं ठेवलेला हात

कीर्तन सुरू व्हायच्या आधी जरा जवळ सरका, एक गोड गोष्ट सांगते. सोलापूरच्या स्टँडवर सांगोल्याच्या गाडीसाठी मायलेकी बसल्या होत्या. मेंढपाळाच्या घरातली लेक दिपाली समुद्रात खोल पोहायचं, स्कूबाचं, शिक्षण घेऊन परतलेली. आई फुलाबाई विचारत होती,

“शिकवणाऱ्या सरांना लाथ मारलीस म्हनं?”

“व्हय आये. पाण्याखाली न सांगता माझा चष्मा ओढला. मी लई घाबरले, लाथ बसली. वर आल्यावर सर ‘मेंढरंच राख जा’ म्हनले.”

“मेंढरूबी असं ओढल्यावर ढुशी देतं, म्हनायचंस!”

“त्याहून वाईट बोलले मी.”

“आगं बाई! काढलं न्हाय तुला?”

“काढणारच हुते. पण मोठ्या मॅडम, सिद्धेश्वरीबाई, मधी पडल्या. आदी सरांना माफी मागायला लावली, मग मला.”

“सरांना आदी?”

“‘शिकवणाऱ्यानं आदी,’ म्हनल्या. मग सोता मला खाली घेऊन गेल्या. माझा हात धरला न्हाय, नुसता त्यांचा पुढं ठेवला.”

“मग?”

“मीच धरला की. पास झाले, आये.”

“बिरोबापुढं दिवा लावताना तिचं नाव घेते, पोरी.”

आता टाळ उचलाल, तेव्हा तुम्हीही त्या सिद्धेश्वरीबाईंची आठवण ठेवा.